लष्करी न्यायालयाचा कैदी नेमका कोणाचा? संरक्षण मंत्रालय आणि राज्याच्या गृहविभागास खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री, भारत सरकार
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अपर पोलीस महासंचालक व महानिरीक्षक, कारागृह व सुधारसेवा, महाराष्ट्र

विषय: कोर्टमार्शलने दिलेल्या कारावासाची नागरी कारागृहात होणारी अंमलबजावणी आणि अशा बंद्यांच्या रजा, माफी व सुटकेसाठी जबाबदार अधिकारी ठरवून देण्याबाबत.

महोदय,

माझ्या भाच्याच्या पॅरोल अर्जावर आम्हाला दोन उत्तरं मिळाली. एक तुरुंगाकडून: ‘सदर बंदी लष्करी न्यायालयाने शिक्षा दिलेला असल्याने अर्ज संबंधित लष्करी प्राधिकाऱ्याकडे सादर करावा.’ दुसरं लष्कराकडून: ‘सदर व्यक्ती सेवेतून बडतर्फ असून नागरी कारागृहात आहे, तरी कारागृह प्रशासनाशी संपर्क साधावा.’ दोन्ही पत्रांना जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, खाली सही आहे. लिहिणाऱ्यांनी कुठे उर्मटपणा केलेला नाही. फक्त ही दोन पत्रं शेजारी ठेवून वाचली की एवढंच कळतं की अर्ज कोणाच्याच टेबलावर नाही.

तुरुंग कोणता आणि युनिट कुठलं, ते मुद्दाम लिहीत नाही. कोणा एका अधीक्षकाला किंवा ॲडज्युटंटला (युनिटचं ऑफिस सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) धारेवर धरण्यासाठी हे पत्र नाही. त्यांच्या जागी दुसरे असते तरी त्यांनी हेच लिहिलं असतं, कारण त्यांच्यापुढे नियमच तसा कोणी ठेवलेला नाही. म्हणून पत्र थेट आपल्याला, आणि चारचौघांत.

मी सातारा जिल्ह्यातला. इन्फंट्रीत क्लार्क होतो, हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे बढतीचे पेढे जसे गावात वाटले जातात तशी कोर्टमार्शलची बातमीही गावात येते, फक्त दबक्या आवाजात. युनिटच्या ऑफिसात असताना कोर्टमार्शलचे कागद माझ्या हातून गेलेत. शिक्षा झालेल्या जवानाला घेऊन एस्कॉर्ट निघायची तेव्हा तिची मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंट आणि तुरुंगाच्या नावाचं कमिटल वॉरंट मी एकाच खाकी लिफाफ्यात घालून पार्टी कमांडरच्या हातात दिलंय. चार दिवसांनी एस्कॉर्ट परत यायची ती तुरुंगाची पावती घेऊन. पावती फाइलला लागली की युनिटच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. त्या पावतीनंतर काय होतं हे मला आता कळतंय, कारण पलीकडे माझ्या बहिणीचा मुलगा आहे.

त्याला जनरल कोर्टमार्शलने सरकारी मालाच्या अपहारासाठी ५ वर्षं सक्तमजुरी आणि बडतर्फी दिली. तो निर्दोष आहे असा दावा मी इथे करणार नाही. त्याचं अपील सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे आहे, निकाल तिथे लागेल. शिस्त मोडणाऱ्याला फौजेने शिक्षा करू नये असं म्हणणारा मी शेवटचा माणूस असेन. माझं म्हणणं शिक्षा सुनावल्यानंतरच्या कारभाराबद्दल आहे.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोर्टमार्शलने कारावास दिला की तो लष्करी तुरुंगात भोगायचा की नागरी तुरुंगात, हे सेना अधिनियम १९५० च्या कलम १६९ प्रमाणे शिक्षा कायम करणारा अधिकारी ठरवतो. समरी कोर्टमार्शल, म्हणजे युनिटचा कमांडिंग ऑफिसर स्वतःच चालवतो ते, असेल तर ज्या अधिकाऱ्याने ते चालवलं तोच ठरवतो. शिक्षा ३ महिन्यांच्या आतली असेल तर लष्करी कोठडीतच काढता येते, म्हणजे आपल्या भाषेत क्वार्टर गार्ड. मोठी शिक्षा, त्यात बडतर्फी, म्हणजे माणूस नागरी तुरुंगाच्या दारात. कमांडिंग ऑफिसर ठरावीक नमुन्यातलं वॉरंट तुरुंगाच्या प्रमुखाला पाठवतो आणि वॉरंटासोबत माणूसही पाठवतो. दिवाणी-फौजदारी न्यायाधीशाचा यात कुठेही संबंध येत नाही. दंड असेल तर कलम १७४ खाली त्या शिक्षेची प्रमाणित प्रत मॅजिस्ट्रेटकडे पाठवून तो वसूल करता येतो. म्हणजे दंड कोणी वसूल करायचा आणि माणूस कोणी कोंडायचा, हे दोन्ही कायद्याने नाव घेऊन सांगितलंय. कोंडलेल्या माणसाला आजारी बापाला बघायला आठ दिवस कोणी सोडायचं, तिथे आल्यावर सगळ्यांच्या माना दुसरीकडे वळतात.

आता तक्रारी.

पहिली रजेची, कारण या पत्राला तीच कारण झाली. भाच्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या भावोजींना, अर्धांगाचा झटका आला. मुलाने तुरुंगातून अभिवचन रजेचा अर्ज केला, ज्याला सगळे पॅरोल म्हणतात. इतर कैद्यांच्या अर्जासारखीच चक्रं फिरली. पोलीस ठाण्यातून जमादार घरी आले, ओसरीवर बसून चहा घेतला, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, जामीनदार कोण राहणार ते विचारलं, दवाखान्याचे कागद मोबाइलवर टिपून घेतले. अहवाल आमच्या बाजूने गेला. त्यानंतर वर कुठेतरी कोणाच्या तरी लक्षात आलं की वॉरंटावर सेशन्स कोर्टाचा शिक्का नाही. तिथून अर्ज जो परत फिरला तो आजतागायत फिरतोच आहे. भावोजी आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. अर्जावर निर्णय नाही, नामंजूरसुद्धा नाही. नामंजूर झाला असता तर निदान हायकोर्टात जाता आलं असतं.

यातली खरी गंमत पुढे आहे. कारागृह अधिनियम १८९४ च्या कलम ३ मध्ये सिद्धदोष बंदी कोणाला म्हणायचं हे लिहिलेलं आहे. न्यायालयाने किंवा कोर्टमार्शलने शिक्षा दिलेला बंदी, असे सरळ शब्द त्यात आहेत. इंग्रजाच्या काळात ही शंका कोणाला तरी आली असणार, म्हणून त्याने ती तिथेच मिटवून टाकली. आपल्या राज्यात संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजेचे १९५९ चे नियम निघाले ते याच अधिनियमाच्या कलम ५९ खाली. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या, काही गुन्ह्यांच्या कैद्यांना रजेतून वगळलं, ते ठीक. पण मूळ कायद्यात जो सिद्धदोष बंदी आहे तो त्याच कायद्यातून निघालेल्या नियमांपुरता अचानक परका कसा होतो, हे मला कोणी कलम दाखवून सांगितलेलं नाही. तोंडी सांगितलं ते एवढंच, ‘हवालदारसाहेब, मिलिटरीची केस आहे, आम्ही हात लावत नाही.’

दुसऱ्या बाजूने लष्करालाही हात झटकता येत नाहीत. सेना अधिनियमाच्या कलम १७९ मध्ये माफी, शिक्षेत सूट, शिक्षा सौम्य करणं आणि पॅरोलवर सोडणं, हे अधिकार केंद्र सरकार, लष्करप्रमुख आणि ठरावीक शिक्षांबाबत त्या फॉर्मेशनच्या, म्हणजे डिव्हिजन-ब्रिगेडसारख्या मोठ्या तुकडीच्या, कमांडरला दिलेले आहेत. पॅरोल हा शब्द कायद्यातच आहे. बडतर्फ झाला म्हणून हा अधिकार संपतो असं त्या कलमात कुठेही नाही. उलट ज्यांच्यासाठी हे कलम आहे त्यातले बहुतेक बडतर्फच असणार. म्हणजे अधिकार दोन्हीकडे आहे आणि वापरायला कोणीच तयार नाही.

दुसरी तक्रार तारखांची. ही रूक्ष आहे, पण तुरुंगात बसलेल्याला एकेक दिवसाची किंमत असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलम १६७ सांगतं की कोर्टमार्शलच्या कारावासाची मुदत मूळ कार्यवाहीवर अध्यक्षांची सही झाली त्या दिवसापासून मोजायची. शिक्षा नंतर वरिष्ठांकडून कायम होते, त्याला महिने लागतात, मग ती वाचून दाखवली जाते, मग माणूस तुरुंगात पोहोचतो. हे सगळे दिवस शिक्षेतच धरायचे. आता तुरुंगातल्या कारकुनापुढे काय येतं? एक वॉरंट, त्यावर शिक्षा कायम झाल्याची तारीख ठळक, आणि तुरुंगात दाखल झाल्याची तारीख त्याच्या स्वतःच्या रजिस्टरात. तो बिचारा दाखल तारखेपासून मोजतो. भाच्याच्या बाबतीत हेच झालं. आम्ही कलम लिहून दिलं, अधीक्षकांनी ते वाचलं आणि दुरुस्ती केली; त्याबद्दल त्यांचे आभार.

अडलंय ते त्याच्या आधीच्या कोठडीचं. खटल्याआधी तो बरेच महिने क्लोज अरेस्टमध्ये, म्हणजे पहाऱ्यातल्या कोठडीत, होता. साध्या कोर्टाच्या कैद्याला असे दिवस शिक्षेतून वजा करून मिळतात, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६८ खाली. फौजेतल्या माणसाला ते मिळतात का, हा प्रश्न अजमेर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८७ मध्ये उत्तर आलं की नाही. सेना अधिनियम हा स्वतंत्र कायदा आहे, कलम ४२८ इथे लागत नाही. त्यानंतर संसदेने १९९२ मध्ये सेना अधिनियमात कलम १६९-अ घातलं आणि तपासात, चौकशीत किंवा खटल्यात नागरी वा लष्करी कोठडीत गेलेले दिवस वजा करायचे असं स्पष्ट लिहिलं. तीस वर्षांहून जुनी गोष्ट झाली ही. तरी आमच्या वॉरंटावर त्या दिवसांचा उल्लेख नाही. तुरुंग म्हणतो, वॉरंटात नाही ते आम्ही कसं धरणार? बरोबर आहे त्यांचं. युनिट दरम्यान दुसऱ्या स्टेशनला गेलं, कमांडिंग ऑफिसर बदलले, ॲडज्युटंट बदलले, ऑफिसातल्या पोरांना हे प्रकरण ऐकूनही माहीत नाही. जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस म्हणतं दाखला युनिटनेच द्यावा.

याच अधिनियमाचं कलम १७६ वाचलं की हसावं की रडावं कळत नाही. वॉरंटात काही चूक किंवा उणीव राहिली तर तेवढ्या कारणाने कारावास बेकायदा ठरत नाही, असं ते म्हणतं. ठीक. पुढे हेही म्हणतं की तो कागद दुरुस्त करता येईल. पहिल्या अर्ध्या वाक्याचा आधार सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्या अर्ध्या वाक्याप्रमाणे कागद दुरुस्त करायला पेन उचलणारा कोणी सापडत नाही.

तिसरी तक्रार जागेची. जिथे युनिट तिथे खटला, आणि जिथे खटला त्याच्या आसपासचा तुरुंग. भाचा सुरुवातीला उत्तरेतल्या एका तुरुंगात होता. बहीण आणि भावोजी झेलम एक्स्प्रेसने जायचे, पुण्याहून चढून दोन रात्री बसून. पोहोचल्यावर मुलाखत मिळायची ती जाळीपलीकडून, काही मिनिटांची, त्यातली अर्धी बहिणीच्या रडण्यात जायची. तिथल्या मुलाखतीच्या खिडकीवर तिला हिंदीत नाव-नातं सांगायला लावायचे, आणि तिचं हिंदी म्हणजे टीव्हीवरच्या मालिकांतून शिकलेलं. फौजेत असताना त्याच पोराने रजेवर येताना तीच गाडी पकडली होती, त्यामुळे डब्यात फौजी पोरं बघितली की ती तोंड फिरवून बसायची असं भावोजी सांगतात. बंद्यांच्या स्थानांतराचा १९५० चा कायदा आहे, दोन्ही राज्य सरकारं तयार असतील तर कैद्याला दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगात हलवता येतं. हलवला, पण त्यातही तिसरा पक्ष निघाला: दोन राज्यं राजी झाल्यावर लष्कराची ना-हरकत हवी की नको, यावर फाइल थांबली. शेवटी कोणीतरी समजूतदार अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर सही केली म्हणून तो आज महाराष्ट्रात आहे. ज्या बाया-बापड्यांना असा अधिकारी भेटत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मी आपल्यावरच सोपवतो.

चौथी तक्रार आमच्यावर अजून आलेली नाही, पण येऊ शकते म्हणून लिहितो. शिक्षा सुरू व्हायला वेळ लागत नाही, थांबायला फार लागतो. रणजित ठाकूर प्रकरण कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. १९८५ मध्ये हा सिग्नलमन, म्हणजे सिग्नल दलातला जवान, आधीच २८ दिवसांची शिक्षा भोगत होता. अपराध काय, तर आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार नियमाची पायरी सोडून थेट वर पाठवली. कोठडीत असताना जेवण्याचा हुकूम त्याने मानला नाही, म्हणून समरी कोर्टमार्शल झालं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच कोर्टात बसलेला. एक वर्ष सक्तमजुरी, बडतर्फी, आणि लगोलग रवानगी तेजपूरच्या नागरी तुरुंगात. समरी कोर्टमार्शलला वरिष्ठांनी शिक्षा कायम करावी लागत नाही, कलम १६१ प्रमाणे ती लगेच अमलात येते. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली ऑक्टोबर १९८७ मध्ये. शिक्षा एका वर्षाची होती.

पुढे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समरी कोर्टमार्शल हा अपवाद असावा, रोजची पद्धत नव्हे. आता न्यायाधिकरण आहे, त्याच्याकडे अपील करता येतं, हे मी मान्य करतो. १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी प्रकरणात न्यायालयाने फौजेत एकसुद्धा अपील नाही याकडे बोट दाखवलं होतं; कायदा झाला २००७ मध्ये, न्यायाधिकरण बसलं २००९ मध्ये. उशिरा का होईना, झालं. पण न्यायाधिकरणाने उद्या शिक्षा कमी केली किंवा स्थगित केली, तर तो हुकूम तुरुंगाच्या दारापर्यंत कसा पोहोचणार? कलम १७३ म्हणतं शिक्षा बदलली की त्याप्रमाणे नवं वॉरंट तुरुंगाला पाठवायचं. कोण पाठवणार, किती दिवसांत, टपालाने की हाती? इतर कैद्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये ‘फास्टर’ नावाची यंत्रणा सुरू केली, आदेश सुरक्षित ई-मेलने थेट तुरुंगात जातो. जामीन मिळूनही माणसं कागदाअभावी आत बसतात हे बघूनच ती आली. लष्करी कैद्याचा कागद मात्र अजून लिफाफ्यातूनच हिंडतोय.

दयेच्या अर्जाचं एका ओळीत सांगतो. कोर्टमार्शलच्या शिक्षेत माफीचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ७२ ने राष्ट्रपतींना दिला आहे, आणि लष्करी अधिकाऱ्यांचे कायद्याने दिलेले अधिकार त्याच अनुच्छेदाने शाबूत ठेवलेत. तुरुंगात छापील नमुना मिळतो तो राज्यपालांच्या नावाचा.

कुटुंबाबद्दल फार लिहीत नाही. बडतर्फ माणसाला पेन्शन नाही, तो माजी सैनिकाच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आमच्यासाठी खुर्ची नाही. ते समजून घेतो. निदान मोफत वकील तरी द्या. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला तो हक्क आहे. तुरुंगात येणारे वकील मनापासून काम करतात, पण कोर्टमार्शलचं नाव काढलं की त्यांच्याही चेहऱ्यावर तेच दिसतं जे कारकुनाच्या चेहऱ्यावर दिसतं.

मला माहीत आहे आपल्या कार्यालयांतून काय उत्तर येऊ शकतं. ‘लष्करी शिस्तीचा प्रश्न आहे.’ शिस्तीचा प्रश्न शिक्षा देताना होता. तो माणूस आता फौजेत नाही, आपणच त्याला काढलंय, त्याचा नंबर गेला, वर्दी गेली. राज्याच्या तुरुंगात तो राज्याच्या शिपायाच्या शिस्तीत आहे. दुसरं उत्तर, ‘अशी प्रकरणं फार थोडी.’ थोडी आहेत म्हणून तर कोणाला सवय नाही, आणि सवय नाही म्हणून प्रत्येक प्रकरण नव्याने अडतं. तिसरं, ‘तुरुंग राज्याचा विषय, सेना केंद्राचा.’ हे खरंच आहे, सातव्या अनुसूचीत लिहिलंय. पण दक्षिण कमांडचं मुख्यालय पुण्यात आहे आणि राज्याच्या कारागृह महानिरीक्षकांचं कार्यालयही पुण्यातच आहे. केंद्र आणि राज्य यांच्यातलं अंतर आमच्या शहरात रिक्षाने पार करता येतं.

तुरुंगाच्या माणसांविषयी एक शब्द सांगायलाच हवा. दारावरच्या शिपायापासून कचेरीतल्या बाबूपर्यंत कोणी आमच्याशी वाईट वागलं नाही. एका वरिष्ठ तुरुंग अधिकाऱ्याने तर सेना अधिनियमाची प्रत कुठे मिळेल असं मलाच विचारलं, मी माझ्याकडची जुनी नेऊन दिली. ज्या कायद्याने माणूस आत आला तो कायदा तुरुंगात नसावा, यात त्या अधिकाऱ्याचा दोष नाही.

मागण्या साध्या आहेत. यातल्या बहुतेकांसाठी नवा कायदा लागत नाही.

संरक्षण मंत्रालयाने तुरुंगाला पाठवायच्या वॉरंटासोबत एक पान सक्तीचं करावं. त्यावर कलम १६७ प्रमाणे शिक्षा सुरू झाल्याची तारीख, कलम १६९-अ प्रमाणे वजा करायचे दिवस (क्लोज अरेस्ट आणि ओपन अरेस्ट वेगवेगळे दाखवून), आणि पुढच्या पत्रव्यवहारासाठी कायमचा पत्ता असावा. पत्ता युनिटचा नको, युनिट हलतं. रेकॉर्ड ऑफिसचा किंवा कमांड मुख्यालयाचा द्या. जे आज तुरुंगात आहेत त्यांच्या वॉरंटांची कलम १७६ खाली एकदा तपासणी करून दुरुस्ती करावी.

गृहविभागाने सर्व अधीक्षकांना परिपत्रक काढून कळवावं की कोर्टमार्शलने शिक्षा दिलेला बंदी हा सिद्धदोष बंदीच आहे आणि संचित रजा, अभिवचन रजा, शिक्षेतील माफी यांचे नियम त्याला लागू आहेत. विभागाचं मत वेगळं असेल तर तेही कलमासह लेखी जाहीर करावं. आम्ही ते घेऊन न्यायालयात जाऊ. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांसाठी आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा पाठवला. जुना १८९४ चा कायदा बाजूला होऊन नवे नियम येतील तेव्हा कोर्टमार्शलचा तो एक उल्लेख गाळला जाणार नाही, हेही बघावं.

दोन्ही बाजूंनी मिळून प्रत्येक कमांडसाठी एक आणि राज्यासाठी एक असा संपर्क अधिकारी नेमावा, ज्याने लष्करी बंद्याच्या अर्जावर ३० दिवसांत होय किंवा नाही असं उत्तर द्यायचं. आजारपण आणि मृत्यूच्या प्रसंगी ३० दिवस चालणार नाहीत. तिथे इतर बंद्यांच्या अर्जावर जो अधिकारी निर्णय घेतो त्यालाच निर्णय घेऊ द्या आणि लष्कराला फक्त कळवू द्या.

नागरी तुरुंग निवडताना बंद्याच्या गावाजवळचा, निदान त्याच्या राज्यातला निवडावा, आणि तसं करता येत नसेल तर कारण नोंदवावं. न्यायाधिकरणाचे आणि कलम १७९ खालचे आदेश तुरुंगाला त्याच दिवशी ई-मेलने जावेत. राज्यातल्या तुरुंगांत कोर्टमार्शलचे बंदी किती आहेत आणि त्यांच्यापैकी किती जणांच्या रजेवर निर्णय झालेला नाही, हा आकडा जाहीर करावा.

भाच्याचा अर्ज आजही प्रलंबित आहे. त्याची नावनिशी या पत्रात नाही, पण अर्जाच्या प्रती आणि आलेली दोन्ही पत्रं मी आपल्या तिन्ही कार्यालयांना रजिस्टर पोस्टाने वेगळी पाठवली आहेत. त्या अर्जावर निर्णय घेण्याचा अधिकार आपल्या तिघांपैकी कोणाचा, एवढं आधी लेखी कळवावं. रजा द्यायची की नाही ते तो अधिकारी ठरवेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त हवालदार क्लार्क
जि. सातारा